गाळलेली ओळ

ऑर्केस्ट्राच्या धंद्यात गाणाऱ्या बाईला नाव नसतं. तिला ‘फिमेल’ म्हणतात. ‘फिमेल कोण आहे?’, ‘फिमेल अमरावतीहून निघाली का?’, ‘या फिमेलचा गळा बसलाय, दुसरी बघा.’ अकोला आणि अमरावतीच्या ऑर्केस्ट्रांमध्ये माझा सगळा उमेदीचा काळ फिमेल म्हणून गेला. नाव मिळायचं ते रविवारी सकाळी. चर्चमध्ये मी रूथताई. शनिवारी अकोटच्या मांडवात सिनेमाची गाणी गाऊन आलेली बाई रविवारी पांढरी साडी नेसून वेदीजवळ उभी राहते आणि देवाचं गाणं म्हणते, हे पुष्कळांना खुपायचं. ऑर्केस्ट्रावाल्यांना मी फार सोवळी वाटायचे आणि आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, फार ओवळी. दोघांचंही मी फारसं मनावर घेतलं नाही.

दिवाळी अंकात ख्रिस्ती बाईनं चर्चमधलं भांडण लिहावं का, असं माझ्या भाचीनं विचारलं. मी म्हटलं, खुशाल लिहावं. गाणी सगळ्यांची आहेत आणि गाण्यांतली घाणही सगळ्यांच्याच अंगणात सांडते.

माझे बाबा मिशनच्या शाळेत गायनमास्तर होते. त्यांनी नाताळसाठी एक गाणं केलं होतं. चाल घेतली भुलाबाईची. आश्विनात आमच्या वऱ्हाडातल्या पोरी घरोघर भुलाबाई बसवतात आणि फेर धरून गाणी म्हणतात. बाबा लहानपणी शेजारच्या पोरींच्या मागे मागे हिंडून ती ऐकायचे, तिथूनच ही चाल आली. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा म्हणे मंडळीतल्या जुन्या लोकांनी गोंधळ घातला, की भुलाबाईची चाल चर्चमध्ये कशी चालेल. बाबांनी दाद दिली नाही. पुढे तेच गाणं इतकं अंगवळणी पडलं की त्याच्याशिवाय आमच्याकडे नाताळ सुरू होत नाही, आणि त्याची चाल कुठली हे आता कुणी काढतही नाही. ‘पाहुणा आला, पाहुणा आला, बेथलेहेमाच्या वाटेनं’ हा त्याचा मुखडा. अंतरा वर चढतो आणि येशू जन्मला त्या रात्री सराईत जागा मिळाली नव्हती, त्यावरची ही ओळ सगळ्यात उंच सुरावर येते: ‘जागा नाही म्हणू नका गं, पाहुणा उभा दारात.’ बाबांनी ती ओळ माझ्या गळ्यासाठीच बांधली होती. मी परकरात होते तेव्हापासून दर नाताळला ती मी म्हणायचे. बाबा गेल्यावर तर मला वाटायचं, त्यांचं मागे राहिलेलं एवढंच माझ्या हातात आहे.

बाबांनी मला गाणं निवडायची एक रीत शिकवली होती. बाकीचे गायक आधी चाल बसवतात, नंतर शब्द. आमच्या घरी उलटं. गाण्याची चाल काढून टाकायची आणि शब्द धड्यासारखे मोठ्यानं वाचायचे. बाबा म्हणायचे, चाल म्हणजे वरणावरचं तूप, त्यानं करपलेलंही खपतं. वाचताना लाज वाटली तर ते गाणं म्हणायचं नाही. चर्चमधल्या पाळकांचा उपदेश मी आयुष्यभर ऐकला, पण पापपुण्याची एवढी सोपी परीक्षा मला दुसऱ्या कुणी सांगितली नाही.

या परीक्षेत प्रेमाची गाणी बिनधास्त पास होतात. चर्चमध्ये हे मान्य नाही. तिथं सिनेमातलं ते सगळं ‘जगाचं’, म्हणजे देवाबाहेरचं. पण आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एक अख्खं प्रीतिगीत आहे. त्यात नवरी आहे, नवरा आहे, केसांपासून पायापर्यंत वर्णन आहे आणि विरहात गल्लोगल्ली फिरणंही आहे. आमच्याकडे आलेल्या एकाही पाळकानं त्यावर उपदेश केला नाही. देवाला ज्याची लाज वाटली नाही त्याची यांना वाटते. विरहाची गाणी, रुसव्याची गाणी, आईची, पावसाची, मैत्रीची, सगळी मी गायले. बौद्ध वस्तीतल्या जयंतीला तर मी आठवडाभर गायचे. शिका म्हणून सांगणाऱ्या माणसाचे उपकार बायका डोळ्यांत पाणी आणून म्हणत असतील, तर त्यांच्या सुरात सूर मिसळायला मला कुठल्या आज्ञेची आडकाठी आहे, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

नापास व्हायची ती वेगळी. बाईला खायचा पदार्थ करणारी, दारूची बाटली करणारी. दुसऱ्याच्या वस्तीसमोर मिरवणूक थांबवून वाजवायलाच केलेली. आणि कुणाला राग आला तरी सांगते, आमची काही नवी भक्तिगीतंसुद्धा. चाल काढून वाचा. मला दे, मला वाढव, माझ्या शत्रूला खाली बघायला लाव, माझी गाडी मोठी कर. शेवटी देवाचं नाव जोडलं की हात वर करून डोलायला मोकळे. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणणाऱ्याच्या घरात शेजाऱ्याला जागाच नाही. मला ते दारूच्या गाण्यापेक्षा ओंगळ वाटतं.

अकोटला एक म्हातारे गृहस्थ यायचे. जिनिंगमध्ये कामाला होते. कार्यक्रम कुणाचाही असो, ते चिठ्ठी पाठवायचे आणि चिठ्ठीवर नेहमी एकच गाणं, दूर गेलेल्या माणसाला परत ये म्हणणारं. गाणं संपेपर्यंत ते टोपी काढून उभे राहायचे. त्यांची बायको गेली होती आणि ते गाणं ती भाकरी थापताना म्हणायची, एवढंच मला निवेदकाकडून कळलं. सिनेमाचं गाणं म्हणजे पाप, असं कुणी म्हटलं की मला ते टोपी काढलेलं डोकं दिसतं. चर्चमध्ये निम्मे लोक प्रार्थनेला सुद्धा इतक्या मनानं उभे राहत नाहीत.

माझा ऑर्केस्ट्रा हनीफभाईंचा, अकोल्याचा. मालक तेच, कीबोर्ड तेच वाजवायचे आणि ड्रायव्हर आला नाही तर टेम्पोही तेच चालवायचे. कार्यक्रमाचं गणित त्यांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं. आधी देवाचं गाणं. मग जुनी गाणी, वयस्क मंडळी खुर्च्यांवर आहेत तोवर. ती उठली की पुढच्या रांगा पोट्ट्यांच्या, आणि तिथून पुढे मालक तेच. ठरवलेली सुपारी कुणाचीही असो, फर्माइश त्यांची.

त्या फर्माइशीत माझी नापास गाणी यायची. सगळी नाकारली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. हनीफभाई म्हणायचे, “ताई, शब्दाकडं कोन पायते? ठेका पायते लोक.” मी म्हणायचे, “मी पायतो ना.” वाद घालून घालून आम्ही एक तोड काढली. गाण्यात एखादीच ओळ वाईट असेल तर ती मी गाळायची. माईक तोंडापासून बाजूला करायचा, जरा वळायचं, आणि तेवढी ओळ हनीफभाई कीबोर्डवर वाजवायचे. प्रेक्षकांना वाटायचं, काहीतरी कलाकारी चालू आहे. माझं तोंड स्वच्छ राहायचं. वर्षानुवर्षं मी असंच केलं आणि मला त्याचा अभिमान होता.

तो अभिमान तिवशात उतरला. शारदोत्सव होता. त्या वर्षी एक गाणं फार चाललं होतं. पोरगी नको म्हणते आणि पोरगा म्हणतो, तुझं नको म्हणजे होच, उद्या उचलून नेतो. बाकी गाणं साधं, ठेका झकास, ही एकच ओळ घाण. मी मुखडा म्हटला, अंतरा म्हटला, ती ओळ आली तसा माईक बाजूला केला. तर पुढच्या सगळ्या रांगांनी ती ओळ उचलली. मी गायले असते त्याच्या दसपट जोरानं. एवढंच नाही, पोट्टे उभे राहिले आणि बायकांच्या बाजूला वळले. तिथं एक कॉलेजातली मुलगी आईशेजारी बसली होती. तिनं गावातल्या कुणाला तरी नकार दिला होता, हे मला नंतर कळलं. ओळ परत आली तेव्हा ते तिच्याकडे हात करून म्हणू लागले. तिच्या आईनं तिचा दंड धरला आणि दोघी मांडवातून निघून गेल्या. मी वर उभी, माईक छातीशी धरून, तोंड स्वच्छ ठेवून.

मी गाळलेली जागा मोकळी राहत नाही, ती कुणीतरी भरतं, हे त्या दिवशी कळलं. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. परत येताना टेम्पोत हनीफभाईंना सांगितलं की आता ओळ गाळणं बंद. गाणं पूर्ण गाईन, नाहीतर पूर्ण नाही. “बरं ताई,” ते म्हणाले. त्यांना तीन मुली होत्या.

पुढचा प्रसंग वरूडचा. संत्र्याच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न, दुपारचं स्वागत, शेतातच मांडव. बाहेर संत्र्याच्या ट्रकांऐवजी गाड्यांची रांग होती. जेवणं चालू, नवरा-नवरी व्यासपीठाच्या बाजूला कोचावर. नवऱ्याचा भाऊ मित्रांना घेऊन आला आणि म्हणाला, ते ‘उद्या उचलून नेतो’वालं गाणं म्हणा, भाऊ आणि वहिनी नाचणार. मी दुसरी चार गाणी सुचवली. तो म्हणाला, “थेच पायजे. काहून नाई म्हनता?” मग त्याच्या मित्रांनी खालून त्याच गाण्याच्या नावानं ओरडा सुरू केला.

हनीफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नवरीकडे बघितलं. ती मान खाली घालून साडीचा काठ चाचपत होती. तिच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. तिला कदाचित ते गाणं आवडतही असेल. पण मला तिवशाची मुलगी दिसली आणि मी माईकवर बोलले. फिमेलनं माईकवर बोलायचं नसतं, ते निवेदकाचं काम. मी म्हटलं, “हे गाणं मी म्हनत नाई. यात पोरगी नाई म्हन्ते आन् पोरगा आयकत नाई. आज एका पोरीनं हो म्हटलं म्हनून आपन इथं जेवून राहिलो. तिच्यासमोर हे गाणं मी म्हननार नाई.”

क्षणभर पानावरचे हात थांबले. मग खुर्च्या आपटल्या, शिट्ट्या झाल्या, नवऱ्याचा भाऊ कॉर्डलेस माईक हिसकायला आला. हनीफभाई मध्ये पडले. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, सरळ कीबोर्डवर एका जुन्या लग्नगीताची सुरुवात वाजवली आणि मी ते उचललं. बायकांच्या पंगतीतून दोन-चार जणी म्हणू लागल्या. कार्यक्रम कसाबसा पार पडला. वरूडची कामं मात्र गेली, कायमची. टेम्पोत बसल्यावर हनीफभाई म्हणाले, “ताई, तुमच्यापायी वरूड गेलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “जाऊ द्या. पोरीपायी गेलं तं गेलं.” ते आता नाहीत. त्यांच्यासारखा मालक मला मिळाला, हे माझं नशीब.

कुणीतरी मोबाइलवर माझं ते बोलणं घेतलं होतं. ते फिरत फिरत आमच्या मंडळीच्या ग्रुपवर आलं. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी विल्सन मास्तर, निवृत्त शिक्षक, मला लहानपणापासून ओळखणारे. माझं ऑर्केस्ट्रात गाणं त्यांना कधीच मान्य नव्हतं, बाबांकडे बघून ते गप्प होते. आता ते स्वतः घरी आले, पेढे घेऊन. त्यांचं म्हणणं असं की प्रभूनं मला जगातून बाहेर काढलं. येत्या रविवारी मी साक्ष द्यावी. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. मी म्हटलं, मास्तर, मी एक गाणं सोडलं, गाणी नाही सोडली. त्यांना तो नम्रपणा वाटला. पेढे ठेवून गेले.

रविवारी पाळकसाहेबांनी नाव पुकारलं आणि मी गेले. मला खरंच सांगायचं होतं. मी तिवसा सांगितलं, वरूड सांगितलं. लोक ‘आमेन’ म्हणत होते. मग मी म्हटलं की मी जग सोडलेलं नाही, येत्या शनिवारी अकोटला माझा कार्यक्रम आहे आणि त्यात सगळी प्रेमाची गाणी आहेत. अकोटच्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं. बाबांची परीक्षा सांगितली. आणि शेवटी, राहवलं नाही म्हणून, आत्ताच आपण जे गाडीबंगल्याचं भक्तिगीत म्हटलं ते चाल न लावता वाचून दाखवलं. आमेन केव्हाच थांबलं होतं. मागच्या बाकावरचं एक म्हातारं माणूस हसलं आणि त्याच्या सुनेनं त्याला गप्प केलं.

संध्याकाळी कमिटी बसली. पाळकसाहेब नगरकडचे, सौम्य माणूस. त्यांना वाद नको होता. पण मास्तर अडून बसले. मला बोलावून म्हणाले, “रूथताई, एवढंच म्हना की जगाची गाणी सोडली. झालं. नाताळाले तुमीच गासान.”

“सोडली नाई तं कशी म्हनू? देवासमोर खोटं बोलून देवाचं गाणं म्हनू काय?”

“मंग वेदीजवळ उभं राहता येनार नाई.”

“ते गाणं माया बापाचं हाये, मास्तर.”

“गाणं मंडळीचं हाये,” ते म्हणाले.

त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नाही. त्यांना तसंच वाटत होतं, आणि अर्धं खरंही होतं. पण घरी येऊन मी रडले. राग आला म्हणून नाही, बाबांची ती ओळ आता दुसरं कुणीतरी म्हणणार म्हणून. मग तोंड धुतलं आणि शनिवारच्या गाण्यांची तयारी केली. लिहून द्या, माफी मागा, मध्यममार्ग काढा, असे निरोप आठवडाभर येत होते. मी अकोटला गेले आणि गायले.

नाताळची जबाबदारी पाळकबाईंवर आली. नलिनीबाई, पाळकसाहेबांची बायको. आवाज गोड पण बेताचा. डिसेंबरात एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि सरळ म्हणाल्या, ती वरची ओळ मला जमत नाही, शिकवाल का? नाही म्हणायला माझी जीभ तयार होती. पण बाबांचं गाणं बेसूर होणं मला स्वतःच्या अपमानापेक्षा जड गेलं असतं. मी पेटी काढली. मुखडा त्यांनी छान उचलला. वरच्या ओळीवर आवाज फाटायचा. पट्टी उतरवा म्हटलं, तर म्हणाल्या, आपला पेटीवाला एकाच पट्टीत वाजवतो, त्याला दुसरी येत नाही. आम्ही दोघी हसलो. चहा घेताना त्यांनी ऑर्केस्ट्राच्या गोष्टी विचारल्या. ओळ गाळतात म्हणजे नेमकं काय करतात, हेही विचारलं. मी चमचा माईकसारखा धरून दाखवलं.

नाताळच्या सकाळी मी नेहमीसारखी पांढरी साडी नेसले आणि शेवटच्या बाकावर बसले. पहिल्यांदाच तिथून चर्च बघत होते. तिथं दारातून गार वारा येतो आणि उशिरा येणारे सगळे पायावर पाय देऊन आत जातात. नलिनीबाई वेदीजवळ उभ्या राहिल्या. पाहुणा आला, पाहुणा आला. मुखडा छान झाला. अंतरा चढू लागला. आणि ती ओळ आली तेव्हा नलिनीबाईंनी माईक तोंडापासून बाजूला केला आणि जरा वळल्या. पेटीवाल्यानं एकटी चाल वाजवली. मंडळीत कुणी तोंड उघडलं नाही. ती ओळ कुणी म्हणायची नसते, ती रूथताईची, एवढी सवय सगळ्यांना झाली होती.

पेटीवाला गोंधळून ती ओळ परत वाजवू लागला. मी उभी राहिले.

‘जागा नाही म्हणू नका गं, पाहुणा उभा दारात.’

माईक नव्हता, गरजही नव्हती. ज्या बाईनं उघड्या मैदानात लाइट गेल्यावर गाणी पूर्ण केली आहेत तिला एक चर्च भरायला माईक लागत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. विल्सन मास्तरही वळले. मी त्यांच्याकडे बघत ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणायला माझ्याबरोबर मागचे दोन-तीन बाक होते, आणि मुखडा आला तेव्हा नलिनीबाईंनी माईक परत तोंडाशी घेतला.

त्यांनी ओळ मुद्दाम गाळली की श्वास पुरला नाही, मी अजून विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

उपासना संपल्यावर केक वाटत असताना मास्तर माझ्याजवळ आले. चेहरा कडक, पण हातात माझ्यासाठी केकची बशी.

“तुमाले गायले मनाई हाये, ताई,” ते म्हणाले.

“वेदीजवळ मनाई हाये, मास्तर. बाकावर नाई.”

ती मनाई अजून उठलेली नाही. मीही लिहून दिलेलं नाही, आणि शेवटचा बाक आता माझाच आहे.